सेविका आणि मानधन

मराठीत पैशाच्या प्रत्येक देण्याला वेगळे नाव आहे, आणि त्या नावावरून घेणाऱ्याची पायरी कळते. भटजींना दक्षिणा, गवयाला बिदागी, पाहुण्या वक्त्याला मानधन, गड्याला मजुरी आणि नोकराला पगार. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांना हा भेद समजावून सांगण्याचे कारण नाही. या संस्थानात फैयाज खाँसाहेबांसारखा थोर गवईसुद्धा दरबारच्या नोकरीत होता व वेतन घेत होता. बाहेरच्या मैफलीची बिदागी ती वेगळी. कला कितीही मोठी असली तरी जो रोज राबतो त्याला दरमहा नेमून दिलेला पगार असावा, हा व्यवहार सयाजीराव महाराजांच्या कारभाराने पाळला. सक्तीचे शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात सुरू झाले, तेव्हाही शाळेत शिकवणाऱ्या मास्तराला सरकारने पगार दिला. विद्यादान हे पुण्यकर्म आहे, सबब थोडक्यात भागवा, असे कोणी त्याला सुनावले नाही.

मानधन हा शब्द मुळात चांगला आहे. ज्याचा चरितार्थ अन्य मार्गाने चालतो, अशा गृहस्थाने आपल्या सवडीतून काही काम केले, तर त्याच्या विद्वत्तेचा आदर म्हणून जी रक्कम देतात तिला हे नाव शोभते. परंतु गेली पन्नास वर्षे आपल्या सरकारांनी हाच शब्द अशा स्त्रियांना लावला आहे, की ज्यांचा चरितार्थ त्या रकमेवरच चालतो. अंगणवाडीच्या सेविका, त्यांच्या मदतनीस, गावोगावच्या आशा आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाया यांना पगार नाही. त्यांना मानधन आहे. त्या कामगार नाहीत. त्या सेविका आहेत, स्वयंसेविका आहेत. प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे ते एवढेच की, हा केवळ शब्दांचा प्रश्न नव्हे. या दोन शब्दांच्या आडोशाने एक सबंध अर्थनीती चालली आहे, आणि तिचा भार स्त्रियांच्या खांद्यावर आहे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. सहा वर्षांखालील मुलांना व गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, दवाखान्यात पाठवणी, मातांना आहार व आरोग्याचे शिक्षण आणि बालवाडी अशी सहा कामे तिच्याकडे आली. गावातल्याच एखाद्या बाईने दिवसाचे काही तास द्यावेत अशी आरंभीची कल्पना होती, आणि त्या वेळी मानधन हा शब्द कदाचित खपून गेला असेल. पुढे कामे वाढत गेली. वजने घेणे, नोंदवह्या भरणे, निरनिराळी सर्वेक्षणे, मतदार याद्यांची कामे, कोविडच्या काळात घरोघरची तपासणी, आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर मोबाइलमधून रोजची माहिती. त्याच वर्षी महाराष्ट्रातील सेविकांनी निकृष्ट निघालेले सरकारी मोबाइल परत केले होते, हे वाचकांना स्मरत असेल. आज देशभरात सेविका व मदतनीस मिळून सुमारे २५ लाख स्त्रिया हे काम करतात. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेचे मानधन दरमहा ३,००० रुपयांवरून ४,५०० आणि मदतनिसाचे १,५०० वरून २,२५० केले. राज्य सरकारे त्यात आपापली भर घालतात हे खरे. पण ती भर त्या त्या सरकारच्या मर्जीची आहे. शाळेतल्या स्वयंपाकिणीसाठी २००९ मध्ये ठरलेला महिना १,००० रुपयांचा केंद्राचा आकडा दीड दशक उलटले तरी तसाच राहिला, आणि तोही वर्षातले दहाच महिने. जणू सुट्टीत चुलीबरोबर तिचे पोटही थंड होते.

नवे आर्थिक धोरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंद पडलेल्या गिरण्या येतात. अहमदाबाद, मुंबई, इंदूर या शहरांच्या गिरणगावांनी जे भोगले ते दृष्टिआड करता येणार नाही. तथापि १९९१ नंतरच्या धोरणाची दुसरी बाजू कमी दिसते. ती काम बंद करण्याची नसून, काम वाढवून पद न वाढवण्याची आहे. सरकारने आपला पगाराचा खर्च आवरावा, कायम पदे भरू नयेत, असा दंडक पडला. त्याच काळात अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून आदेश देऊन अंगणवाड्या व शाळेतले भोजन सर्वत्र नेण्यास सरकारांना भाग पाडले. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या. काम तर करायचे होते, पण पदे निर्माण करायची नव्हती. मग लाखो माणसे लावायची कशी? उत्तर तयारच होते. आई, बहीण, वहिनी घरात जे काम बिनपैशाने करते, तेच तिने चार घरे पलीकडे जाऊन केले तर त्याला सेवा म्हणावे आणि थोडे मानधन द्यावे. पुरुषांना या अटीवर कामाला लावण्याचे धाडस कोणत्याही सरकारने केले नसते. २०१५ च्या अर्थसंकल्पात या बालविकास योजनेची केंद्रीय तरतूद आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली आणली गेली व ओरड झाल्यावर मागाहून वाढवावी लागली. काटकसरीची कात्री प्रथम कोठे चालते, याचा हा पुरावा पुरेसा आहे.

येथे कामगार चळवळीचाही हिशेब मांडला पाहिजे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. १९२८ च्या मोठ्या संपात त्या पुढे होत्या. उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर यांची नावे आपल्या लोकांना ठाऊक आहेत. परंतु पुढच्या दशकांत यंत्रे बदलली, कामाची फेरमांडणी झाली, आणि बायका गिरणीतून हळूहळू नाहीशा होत गेल्या. घर चालवतो तो पुरुष, बाईची मिळकत ही जोडमिळकत, ही समजूत मालकांइतकीच संघटनांच्याही अंगवळणी पडली होती. स्त्रीची नोकरी वाचवण्यासाठी पुरुषाच्या नोकरीइतका लढा झाला नाही, हे कबूल केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

ही चूक सुधारण्याचे काम बव्हंशी स्त्रियांनीच केले, आणि त्यातला एक मोठा प्रयत्न आपल्या गुजरातेत झाला. अनसूयाबेन साराभाईंच्या पुढाकाराने १९२० मध्ये अहमदाबादेत स्थापन झालेल्या मजूर महाजनाच्या महिला विभागात इलाबेन भट्ट काम करीत होत्या. डोक्यावर कापडाच्या गाठी वाहणाऱ्या, जुने कपडे विकणाऱ्या, घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रियांची संघटना करून त्या १९७२ मध्ये नोंदणीसाठी गेल्या, तेव्हा नोंदणी अधिकाऱ्याने अडचण काढली की, या बायांना मालकच नाही. मग यांची युनियन कोणाविरुद्ध? इलाबेनांचे म्हणणे असे होते की, संघटना कोणाच्या विरुद्धच असली पाहिजे असे नाही. ती कामगारांच्या एकीसाठी असते. नोंदणी झाली, आणि ‘सेवा’ ही संस्था उभी राहिली. तिच्या नावातही सेवा हा शब्द आहे. पण त्याच्या आधी ‘स्वाश्रयी’ हे विशेषण आहे, ते विसरता कामा नये. १९७९ मध्ये सिटूच्या छत्राखाली श्रमिक महिलांची अखिल भारतीय समन्वय समिती झाली. तिच्या निमंत्रक विमल रणदिवे होत्या. याच सुमारास बेळगाव जिल्ह्यातील निपाणीत तंबाखूच्या वखारींतील बाया संघटित झाल्या, पुण्यात मोलकरणींनी संप केला, आणि युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने दोन्ही लढ्यांवर माहितीपट केले. ज्यांना कोणी कामगार म्हणत नव्हते, त्यांनी आधी स्वतःला कामगार म्हणवून घेतले. मजुरी वाढली ती त्यानंतर.

अंगणवाडीच्या लढ्यालाही हेच लागू आहे. महाराष्ट्रातील सेविकांनी २०१७ मध्ये जवळजवळ महिनाभर संप केला. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये सरकारने त्यांना अत्यावश्यक सेवेच्या कायद्याखाली, म्हणजे मेस्माखाली आणले, आणि विधिमंडळात गदारोळ झाल्यावर तो निर्णय स्थगित केला. या घटनेतील विसंगती विचार करण्याजोगी आहे. जी बाई स्वयंसेवेने काम करते, तिला ते थांबवण्याचीही मोकळीक असली पाहिजे. आणि जिचे काम थांबले तर राज्याचा कारभार अडतो व कायद्याचा बडगा उगारावा लागतो, ती स्वयंसेविका कशी? पगाराच्या वेळी सेविका आणि संपाच्या वेळी कर्मचारी, असे दोन्हीकडून बोलता येणार नाही. पुढे ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रात ५२ दिवस संप झाला, त्यातही वेतनश्रेणी, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतन याच मागण्या होत्या. अशांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस सरकार, मालक व कामगार यांच्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच केलेली आहे. म्हणजे ही मागणी काही एका पक्षाची किंवा एका झेंड्याची नव्हे.

न्यायालयांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अंगणवाडी सेविका नागरी पद धारण करीत नाही. परंतु आपल्या शेजारच्या दाहोद जिल्ह्यातील सेविकांच्या प्रकरणात, २५ एप्रिल २०२२ रोजी, न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्यांच्यावर कायदेशीर कर्तव्ये सोपवली आहेत हे न्यायालयाने लक्षात घेतले. आणि त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे असे ठरवले. जे दोन शब्द पन्नास वर्षे वेगळे ठेवले गेले, ते एका निकालाने, निदान एका कायद्यापुरते, एकत्र आले. गुजरात उच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये त्यांना नियमित करण्याचे धोरण आखण्यास सरकारांना सांगितले. अशा निकालांवर पुढे अपिले होतात, अंमलबजावणी रेंगाळते, हे सर्वांना माहीत आहे. म्हणूनच निकालानंतरही संघटनेचे काम संपत नाही.

यावर घेतले जाणारे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप पैशाचा. पंचवीस लाखांना पुरा पगार द्यावयाचा तर तिजोरीवर भार पडेल, हे उघड आहे. पण हा भार आज नाही असे थोडेच आहे? तो आजही आहे. फक्त तिजोरीऐवजी त्या बाईच्या संसारावर आहे. तिच्या कमी पगारातून सरकारची योजना स्वस्त पडते, म्हणजे देशातील बऱ्यापैकी गरीब स्त्रिया सरकारला दरमहा अनुदान देत आहेत. दुसरा आक्षेप असा की, संपात लहान मुलांचा आहार बुडतो. बुडतो हे खरे, आणि त्याचे दुःख सेविकेला नसते असे मानण्याचे कारण नाही, कारण ती मुले तिच्याच गल्लीतली असतात. पण वर्षानुवर्षे निवेदने देऊनही जेव्हा दाद लागत नाही, तेव्हा संपाचा सर्व दोष शेवटच्या पायरीवरच्या बाईला देणे न्यायाचे नव्हे. तिसरा आक्षेप सुसंस्कृत घरांतून येतो व तो सर्वांत मृदू असतो: सेवेचे मोल पैशात करू नये. हे वचन जो स्वतःचा पगार घेत नाही त्याच्या तोंडी शोभते.

या तिसऱ्या आक्षेपाचा संबंध आपल्याशी, या पानाच्या वाचकांशी, अधिक आहे. बडोद्याची मराठी घरे स्त्रीशिक्षणाचा अभिमान बाळगतात, आणि तो योग्यच आहे. महाराणी चिमणाबाईसाहेबांनी १९११ मध्ये स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, तो वाचताना जाणवते की त्यांचे लक्ष स्त्रीला कोणते व्यवसाय करता येतील याकडे होते. १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. त्या परंपरेत वाढलेल्या घरांनी सेविकेला हळदीकुंकवाला बोलवावे, तिच्या कामाचे कौतुक करावे, आणि तिच्या पगाराचा विषय निघाला की तो राजकारणाचा म्हणून टाळावा, हे विसंगत आहे. आपल्या लेकी-सुना बँकेत, शाळेत, दवाखान्यात नोकऱ्या करतात. त्यांना कोणी मानधन देऊ केले तर आपण ते मान्य करू काय? शिवाय आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईला आपण महिन्याला जे देतो त्याला पगार म्हणतो, पण रजा, आजारपण आणि म्हातारपण यांचा हिशेब त्यात धरत नाही. सरकारने जे मोठ्या प्रमाणावर केले, ते आपण आपल्या उंबऱ्याच्या आत केले आहे. म्हणून सरकारकडे बोट दाखवताना आपणही थोडे आत पाहणे बरे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील सामाजिक सुरक्षेच्या संहितेने मोबाइलवरून काम मिळवणाऱ्या गिग कामगाराला कायद्यात नाव दिले. ही चांगली गोष्ट आहे. मग सरकारच्याच योजनेत, सरकारच्याच नोंदवहीत, पन्नास वर्षे राबणाऱ्या स्त्रीला तसे नाव मिळण्यास काय हरकत असावी? तिला पद द्यावे, त्या पदाला किमान वेतन बांधून द्यावे, ग्रॅच्युइटी व निवृत्तिवेतन द्यावे. हे झाल्यावर मान द्यावयाचा असेल तर तो अवश्य द्यावा. तो घेण्यास ती नाही म्हणणार नाही. तोपर्यंत मानधन हा शब्द आपण आपल्या व्याख्यानमालांपुरता राखून ठेवावा, आणि अंगणवाडीतल्या बाईच्या कमाईला, निदान आपल्या बोलण्यात आणि लिहिण्यात, पगारच म्हणावे.