उजेडाची पदवी कुठे मिळते?

नाटक संपले की आपण टाळ्या वाजवतो त्या उजेडात उभ्या असलेल्या माणसांसाठी. तो उजेड ज्याने पाडला, तो त्या वेळी प्रेक्षागृहाच्या मागच्या खोलीत अंधारातच बसलेला असतो. इतकी वर्षे नाटके पाहूनही हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. ते आले आमच्या कन्येमुळे. दोन वर्षांपूर्वी बारावी सायन्सचा निकाल लागला, त्या रात्री जेवता जेवता तिने जाहीर केले, "बाबा, मला नाटकाचे लाइट करायचे आहेत. कुठल्या कॉलेजात जाऊ?"

नेरूळच्या आमच्या घरात क्षणभर कोणीच बोलेना. "म्हणजे मांडवातले का गं?" आईने, म्हणजे तिच्या आजीने, निरागसपणे विचारले. आमची सौभाग्यवती माझ्याकडे पाहत होती. नाटकाचा नाद या घरात कोणी आणला, हे तिला त्या नजरेतून सांगायचे होते.

नवी मुंबईत हा प्रश्न पडणे तसे अवघडच. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आखून-रेखून हे शहर वसले. इथल्या बहुतेक घरांना नोकरीनेच इथे आणले. सोसायटीच्या जिन्यात भेटणारा प्रत्येक जण बारावीच्या मुलाला "कॉम्प्युटर की मेकॅनिकल?" एवढेच विचारतो. पण याच शहरात वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. ज्या भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्यांचे नाव आपण थिएटरला दिले. मात्र त्या थिएटरात पोटापाण्याचे कोणते काम चालते, याची चौकशी आपण करत नाही. मी केली.

प्रकाशयोजना म्हणजे दिवे लावणे नव्हे, हा पहिला धडा मिळाला. १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये उत्पल दत्त यांचे 'अंगार' आले. कोळशाची खाण पाण्याने भरत चालली आहे, हे तापस सेन यांनी त्यात प्रकाशाच्या जोरावर दाखवले. त्या नाटकाइतकेच त्यांच्या प्रकाशाचेही नाव आजवर निघते. दिव्यात असे सामर्थ्य असेल, तर ते शिकवणारी शाळाही असलीच पाहिजे, असे मला वाटले.

शाळा आहेत, पण 'प्रकाशयोजना' एवढाच विषय घेऊन बारावीनंतर पदवी देणारी एकही मला जवळपास दिसली नाही. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यशास्त्र घेऊन बी. ए. करता येते. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात २००३ पासून अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. तिथला मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचा, दोन वर्षांचा. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झाले. तिथे तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, अभिनयाऐवजी रंगतंत्र आणि डिझाइन यांत विशेष शिक्षण घेता येते, विद्यार्थ्यांना विद्यावेतनही मिळते. मात्र तिथे अर्ज करायचा तर आधी पदवी हवी, आणि प्रत्यक्ष नाटकांत काम केल्याचा अनुभवही हवा.

एका खासगी संस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रकही घरी आले. प्रकाशयोजनेचा रंगीत फोटो मुखपृष्ठावरच होता. आम्ही दोघे पाहायला गेलो. वातानुकूलित वर्ग होते, प्रोजेक्टर होता, रंगमंच नव्हता. दिवे कुठे आहेत, असे कन्येने विचारले, तेव्हा "दुसऱ्या वर्षी बाहेर नेऊन दाखवतो" असे उत्तर मिळाले. फी विचारून आम्ही उठलो. ज्या पोहण्याच्या वर्गाला तलावच नाही, तिथे नाव घालण्यात काय हशील?

खरा सल्ला मिळाला तो एका प्रयोगाआधी, लाइटच्या खोलीत. तिथल्या गृहस्थांनी तिसरी घंटा होईपर्यंत तिला शेजारी बसवून घेतले. हजार वॅटचा एक जुना दिवा चार अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह खेचतो. असे चार दिवे पंधरा अँपिअरच्या एकाच सॉकेटवर चढवले तर नायकाच्या मृत्यूआधीच सारे काळोखात. आता एलईडी आले, भार उतरला, बटणांच्या जागी संगणक आला. पण तांबडा आणि हिरवा प्रकाश मिसळला की पिवळा होतो, ते रंगाच्या डबीत होत नाही, हे काही बदललेले नाही. मी त्यांचे शिक्षण विचारले. ते हसून म्हणाले, "बी. कॉम. पण हिला सांगा, काहीतरी असं शीक, जे मी तुला इथे शिकवू शकत नाही."

या एका वाक्याने माझे पुष्कळ गोंधळ मिटले. दोर कसा बांधावा, दिवा कुठे टांगावा, क्यू कसा पकडावा, हे रंगमंच शिकवतोच. पदवीने त्याच्या मागचे काहीतरी द्यावे. भौतिकशास्त्र प्रकाशाचा स्वभाव सांगते, साहित्य नाटक वाचायला शिकवते, चित्रकला सावली पाहायला लावते. अमेरिकेत येल विद्यापीठात रंगमंचाच्या प्रकाशाचे पद्धतशीर शिक्षण ज्यांनी रुजवले, ते स्टॅनली मॅककँडलेस मुळात वास्तुरचना शिकलेले. नटाच्या दोन्ही बाजूंनी तिरके दोन दिवे, एक उबदार छटेचा आणि एक थंड, ही त्यांची रीत १९३२च्या त्यांच्या पुस्तकापासून जगभर गेली. चेहऱ्याला उंची-खोली असते, हे त्यांना इमारतींनी शिकवले असेल, असे मला आपले वाटते.

आपल्याकडचे पालक म्हणतात, "आधी इंजिनीअर हो, मग कर काय ते नाटक." हे मला पटत नाही. मुलीला यंत्रांची आवड असेल तर अवश्य जावे. पण मन नसताना घेतलेली चार वर्षांची पदवी हा विमा नसतो. त्याचा हप्ता मुलांच्या उमेदीच्या वर्षांतून जातो. उलट "पदवी कशाला, थेट विंगेत उभी राहा" म्हणणारेही भेटले. तेही मला मान्य नाही. पुढच्या मोठ्या दारांवर पदवी विचारतात, आणि विषयाची सक्ती करत नाहीत. म्हणजे विषय निवडायला मोकळीक आहे. ती भीतीपोटी का वाया घालवावी?

म्हणून अभ्यासक्रमाच्या नावाआधी कॉलेजला चार प्रश्न विचारावेत, या मताचा मी झालो आहे. इथे एकांकिका होतात का? त्यांचे दिवे मुले स्वतः लावतात, की भाड्याने माणूस येतो? तालमींमुळे बुडालेल्या तासांचे काय करता? आणि रात्री मुलगी घरी कशी पोहोचेल? हा शेवटचा प्रश्न सौभाग्यवतीचा. आणि हार्बर लाइनवर राहणाऱ्यांना तो गौण नाही.

पाचवा प्रश्न स्वतःला विचारायचा, पैशाचा. या व्यवसायात सुरुवातीला मिळकत प्रयोगागणिक, म्हणजे 'नाइट'वर. पावसाळ्यात नाटक बंद पडले तर नाइटही बंद. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो. म्हणून महागड्या संस्थेसाठी कर्ज काढून या वाटेला लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साधे कॉलेज, जागता रंगमंच, आणि वाचलेल्या पैशातून नाटकांची तिकिटे, हे अधिक बरे.

कन्येने खाडीपलीकडच्या एका कॉलेजात बी. एस्सी.ला प्रवेश घेतला. विषय भौतिकशास्त्र. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे दिल्ली की कालिना, की दोन्ही नाही, हे तिने ठरवलेले नाही आणि मीही विचारत नाही. गुण थोडे उतरले आहेत. रात्री तिची गाडी जुईनगर सोडेपर्यंत मला झोप येत नाही. निर्णय चुकला तर तो तिच्याबरोबर माझाही असेल, एवढे मी स्वतःला बजावून ठेवले आहे.

गेल्या हिवाळ्यात तिच्या कॉलेजची एकांकिका पाहायला आम्ही आईलाही नेले. शेवटी रंगमंचावर एकच मुलगा उरला. त्याच्यावरचा उजेड इतका सावकाश गेला, की तो कधी दिसेनासा झाला ते कळलेच नाही. मग थोडा वेळ पूर्ण काळोख. आई माझ्या कानाशी लागली, "आपली कुठे आहे रे? दिसली नाही ती."

"हे आत्ता केले ना, ते तिनेच," मी म्हणालो.

आईने मान वळवून मागच्या खोलीकडे पाहिले. आणि टाळ्या तिकडे तोंड करूनच वाजवल्या.