आधी ठरवा, मग धावा
(मुख्याध्यापकांचे मनोगत)





गेल्या पावसाळ्यातील एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. मधल्या सुट्टीत कुंपणाजवळ गेलेल्या सातवीतील एका मुलाला साप चावला. शिक्षक आमच्या परवानगीची वाट पाहत थांबले, आम्ही त्याच्या वडिलांची वाट पाहत बसलो. कोणी म्हणाले दोरी बांधा, तर आम्हीही मान हलवली. वडील आले आणि मुलाला मोटारसायकलवर बसवून आधी मंत्र टाकणाऱ्याकडे घेऊन गेले. सरकारी दवाखान्यात पोहोचेपर्यंत दीड तास गेला होता. मुलगा वाचला, पण त्याचे श्रेय आम्हाला नाही. चूक आमचीच होती, हे या पानावर कबूल केले पाहिजे.

चूक कोणती? कोणत्या दुखण्याला कुठे जायचे, हे आम्ही आधी ठरवलेच नव्हते.

याच्या उलट प्रकारही आपल्याकडे रोज घडतो. साधी सर्दी, खरूज किंवा दोन दिवसांचा खोकला असला की दिवसाची मजुरी बुडवून थेट आदिलाबादच्या रिम्सची वाट धरायची. 2008 साली सुरू झालेले हे रुग्णालय आपल्या जिल्ह्याचा मोठा आधार आहे. पण तेथील रांगेत खोकलेवाला पुढे आणि धाप लागलेला मागे, असे होऊ नये. ताप, जुलाब, जखमेची पट्टी, लसीकरण, बीपी-शुगरच्या गोळ्या यांसाठी उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. आशाताई तर गावातच असतात. ताप आला की तेथे रक्त तपासून घ्यावे. मनाने गोळ्या किंवा सलाईन घेऊ नये.

कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, त्याच दिवशी लस सुरू करावी आणि सगळी इंजेक्शने पूर्ण करावीत. हळद-चुना लावून घरी बसू नये.

मात्र साप चावणे, छातीत जोराची कळ, धाप लागणे, फिट येणे, बेशुद्धी, तोंड वाकडे होणे, न थांबणारा रक्तस्राव, बाळंतपणाच्या कळा आणि विषबाधा यांत एक मिनिटही घालवू नये. सरळ 108 लावावा. ही मोफत सेवा आपल्याकडे संयुक्त आंध्रात 2005 साली सुरू झाली. पलीकडे महाराष्ट्रात 2014 साली. दोन्हीकडे नंबर एकच. म्हणून नदीकाठच्या पालकांनी फोनवर आधी राज्य, जिल्हा आणि मंडल सांगावे, मग गाव आणि जवळची खूण.

विषबाधेबद्दल दोन शब्द अधिक, कारण आपण कपाशीवाले लोक आहोत. 2017 साली पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारताना चक्कर, उलटी किंवा डोळ्यांपुढे अंधुक आले तर ते 'ऊन लागले' म्हणून सोडू नये. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. तो अवयव हलू देऊ नये आणि रुग्णाला चालवू नये. विषावरचा उतारा म्हणजे प्रतिसर्पविष लस. ती दवाखान्यातच मिळते, मंत्रात नाही.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आपली भाषा वेगळी आणि समोरच्याची वेगळी, म्हणजे किती अडचण होते ते आम्ही जाणतो. घरी मराठी, दवाखान्यात तेलुगू. अशा वेळी आईचे दुखणे डॉक्टरांना सांगते ते आपले लेकरूच. म्हणून 'पामु करिचिंदि' म्हणजे साप चावला, 'ऊपिरि आडटं लेदु' म्हणजे श्वास घेता येत नाही, एवढे तरी प्रत्येक मुलाला पाठ असावे.

काही पालक म्हणतात, हे शाळेचे काम नव्हे, शाळेने पुस्तक शिकवावे. आम्हाला तसे वाटत नाही. दिवसाचे सहा-सात तास मुले आमच्या स्वाधीन असतात. त्या वेळात जीव वाचवणे हाही आमचाच अभ्यासक्रम आहे.

विश्वस्त मंडळास आमच्या तीन विनंत्या आहेत. कुंपणाकडचे गवत दर महिन्याला कापले जावे. दवाखान्यांचा आणि 108 चा फलक मराठी व तेलुगूत दारावर लागावा. आणि संकटात कोणत्याही शिक्षकाने कोणाच्याही परवानगीविना 108 लावावा, असा लेखी ठराव व्हावा. आम्हाला विचारण्यासाठी कोणी थांबू नये.

पालकहो, आज रात्री जेवताना घरात एकच प्रश्न विचारा: 'काही झाले तर आधी कुठे जायचे?' सगळ्यांचे उत्तर एक आले, तर हे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.

आपले,
मुख्याध्यापक