श्रमातील हृच्छूल आणि विश्रांतीतील ईसीजी

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना छाती आवळते, बसताच ओसरते, असे रुग्ण सांगतो. विश्रांतीतील ईसीजी प्राकृत दिसताच आपण अम्लपित्त ठरवून अविपत्तिकर चूर्ण देतो. ही घाई घातक आहे. सुश्रुतांनी उत्तरतंत्रात हृच्छूल स्वतंत्र सांगितला, तो उगाच नव्हे. रक्तपुरवठा श्रमातच अपुरा पडत असेल, तर विश्रांतीच्या आलेखात तो दिसणार कसा? ट्रेडमिल चाचणीच हवी. ब्रूस पद्धतीत दर ३ मिनिटांनी वेग व चढ वाढवतात. संधिवातामुळे चालणे अशक्य असल्यास डोब्युटामिन स्ट्रेस इको किंवा स्ट्रेस थॅलियम करता येते. विश्रांतीतही शूल असल्यास मात्र चाचणी नव्हे, तत्काळ रुग्णालय. औषधविक्रेत्यांनीही छातीच्या दुखण्यासाठी अर्जुनारिष्ट मागणाऱ्यास आधी तपासणीविषयी विचारावे.