चिठ्ठीविना मलम

पावसाळ्यात दमणगंगेच्या काठची हवा इतकी दमट होते की, अंगावरचे कपडे वाळता वाळत नाहीत आणि काखा, जांघा, कंबर येथे खाज सुटू लागते. सिल्वासाच्या कारखान्यांत पाळी करून एका खोलीत चौघा-सहा जणांसह राहणाऱ्या कामगाराच्या वाट्याला हा त्रास अधिकच येतो. डॉक्टरकडे जावे तर रोज बुडतो; औषधांचे दुकान मात्र वाटेवरच असते. ‘खाजेचे मलम द्या’ एवढे म्हणताच नळी हाती पडते आणि दोन दिवसांत आरामही वाटतो. हा आराम हीच फसगतीची सुरुवात होय.

कारण अशा नळीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. ते दाह शमविते, बुरशी मारीत नाही. गजकर्णावर ते लावले की लाली व खाज दबते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. मलम थांबविताच रोग दुप्पट जोराने उसळतो, म्हणून रोगी पुन्हा तीच नळी विकत घेतो. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी बुरशीची एक जात आज देशभर फैलावली आहे; २०२० साली शास्त्रज्ञांनी तिला आपल्याच देशावरून ‘इंडोटिनी’ हे नाव दिले. हा बहुमान खचितच भूषणावह नाही. स्टेरॉइडमिश्रित मलमांचा बेसुमार वापर हे तिच्या फैलावाचे एक कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात.

तथापि दोष औषधाचा नव्हे. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर प्रथम गुणकारी ठरले, तेव्हापासून इसबाने गांजलेल्या असंख्य रोग्यांना या वर्गातील औषधांनी दिलासा दिला आहे. डॉक्टरने विचारपूर्वक दिलेले मलम केवळ ऐकीव भीतीने टाकून देणे हेही तितकेच अहिताचे. प्रश्न आहे तो तारतम्याचा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची पट्टी म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते. सांगितले असेल तितक्याच वेळा, दुखऱ्या जागेवरच, पातळ थर द्यावा आणि हात धुवावेत. चेहरा, पापण्या, काखा व जांघा येथील त्वचा नाजूक. तेथे स्पष्ट सल्ल्याविना ते लावू नये. वरून घट्ट पट्टी बांधल्यास औषध अधिक शोषले जाते, हेही ध्यानी असावे. तान्ह्या मुलांच्या बाबतीत तर दुप्पट सावधगिरी हवी. गोरेपणासाठी अशी मलमे महिनोन्‌महिने चोपडणाऱ्या तरुण-तरुणींची त्वचा पातळ व लाल होते, पुटकुळ्या उठतात, नको तेथे लव वाढते. असा दीर्घ वापर झाला असल्यास मलम एकाएकी बंद न करता डॉक्टरला दाखवावे. आणि एकाची नळी दुसऱ्याने वापरू नये. शेजाऱ्याचे इसब आणि आपले गजकर्ण दिसायला सारखे असले, तरी उपचार एकमेकांच्या उलट असतात.

कायदा नाही असे नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ औषधांची सूट काढून घेऊन त्यांना ‘अनुसूची एच’मध्ये घातले, नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीविना त्यांची विक्री हा नियमभंग आहे. परंतु नियम वेष्टनावर छापून अंमलात येत नसतो. औषध प्रशासनाने दुकाने तपासावीत, हे तर खरेच. पण चिठ्ठी मागावयाची, तर ती मिळण्याची सोयही हवी. सिल्वासात विनोबा भावे शासकीय रुग्णालय आहे. तेथे कामगाराला पाळी न बुडविता संध्याकाळी त्वचारोगतज्ज्ञ भेटेल अशी व्यवस्था व्हावी, आणि कारखानदारांनी आपल्या आवारात अशा तपासणीचा दिवस ठरवावा. गरिबाने दुकानाची पायरी चढू नये असे वाटत असेल, तर दवाखान्याचे दार त्याच्या सवडीने उघडे ठेवणे हे प्रशासनाचे व मालकांचे कर्तव्य ठरते.