जड हप्ता पेलणारा हलक्या हप्त्यास अपात्र

फेब्रुवारी ते जून २०२५ या पाच महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांवर आणला, तेव्हा गृहकर्जदारांचे दिवस पालटल्याची द्वाही फिरविण्यात आली. ती सर्वांच्या दारापर्यंत पोहोचली असे मात्र नाही. कारखान्यातून कमी केलेला कामगार, कंत्राटावर निम्म्या पगारात परत घेतलेला कारकून, दोघांच्या मिळकतीवर कर्ज काढून पुढे एकाच मिळकतीवर येऊन ठेपलेले कुटुंब, यांच्या लेखी दुसऱ्या बँकेचा स्वस्त दर ही काचेआड मांडलेली वस्तू आहे. दिसते, पण हाती येत नाही.

आकड्यांचे एक उदाहरण घेऊ. एका कुटुंबाचे वीस लाख रुपये मुद्दल बाकी आहे आणि पंधरा वर्षे फेडायची राहिली आहेत. अकरा टक्के व्याजाने दरमहा सुमारे २२,७३० रुपये हप्ता पडतो. साडेआठ टक्क्यांनी तोच सुमारे १९,७०० वर येतो. फरक महिन्याला तीन हजारांचा, मुदतीअखेर जवळजवळ साडेपाच लाखांचा. कुटुंबाचे उत्पन्न पन्नास हजारांवरून बत्तीस हजारांवर घसरले आहे, तरी मुलांच्या शिकवण्या बंद करून, सणावारांना कात्री लावून एकही हप्ता चुकू दिलेला नाही. असा कर्जदार दुसऱ्या बँकेकडे कर्ज हलविण्यासाठी जातो. तेथे त्याला सांगण्यात येते की, एकूण हप्ते उत्पन्नाच्या साधारण निम्म्याच्या आत असावे लागतात, सबब आपला अर्ज मंजूर होत नाही. जो २२,७३० रुपये भरतो आहे त्याला १९,७०० रुपये झेपणार नाहीत, असा हा न्याय आहे.

यावर बँकेचे उत्तर तयार असते आणि ते सर्वस्वी खोटेही नाही. जुन्या संस्थेचा धोका आपण आपल्या अंगावर का ओढून घ्यावा? एकट्या बँकेच्या हिशेबाने हा प्रश्न रास्त आहे. परंतु साऱ्या पतव्यवस्थेच्या दृष्टीने पाहिले तर धोका नव्याने निर्माण होत नाही. कर्ज आहेच, घर गहाण आहेच. हप्ता उतरल्याने कर्ज थकण्याची शक्यता वाढत नाही, घटते. एकेकाचे शहाणपण सर्वांच्या बेरजेत वेडेपणा ठरते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाते आणि धोरण आखताना विसरले जाते.

जुनी संस्था स्वतःहून दर का उतरवत नाही, याचे कारण उघड आहे. ज्याला जाता येते त्याला रोखण्यासाठी सवलत द्यावी लागते. ज्याला जाताच येत नाही त्याला कशासाठी द्यायची? गृहकर्जावरील चढउतार दराच्या मुदतपूर्व परतफेडीचा दंड २०११-१२ मध्ये रद्द झाला, तो स्पर्धा वाढावी म्हणून. त्या स्पर्धेचा लाभ पगाराची भक्कम पावती हाती असणाऱ्यांना झाला. ज्याची गरज मोठी त्याला दर चढा, आणि ज्याला दोन पैसे जास्त गेले तरी चालले असते त्याच्यासाठी मात्र बँकांची धावाधाव!

बँका रेपो दराची घट जुन्या कर्जदारांपर्यंत पोहोचू देत नाहीत, दर ठरविताना मनमानी करतात, असा निष्कर्ष रिझर्व्ह बँकेच्याच डॉ. जनक राज अभ्यासगटाने २०१७ मध्ये काढला होता. त्यानंतर १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी चढउतार दराची गृहकर्जे बाहेरील निर्देशकाशी जोडणे सक्तीचे झाले आणि जुन्या कर्जदारालाही त्याच बँकेत नव्या पद्धतीकडे वळण्याची वाट मिळाली. पाऊल योग्यच होते. मात्र हा आदेश बँकांपुरता होता. गृहवित्त कंपन्या त्यातून सुटल्या. या कंपन्यांकडे कोण जातो? ज्याला पगाराची पावती नाही, ज्याचे उत्पन्न कागदावर सिद्ध होत नाही, ज्याला बँकेने दारातूनच परत पाठविले, असे अनेकजण जातात. रिक्षाचालक, छोटा दुकानदार, शिवणकाम करणारी स्त्री. म्हणजे ज्यांचे उत्पन्न सर्वांत आधी कोसळते, नेमके तेच संरक्षणाबाहेर राहिले. कंपनी आपला दर स्वतःच्या निर्देशकाने ठरविते आणि तो उतरवून हवा असेल तर बहुधा रूपांतर शुल्क मागते. पैसे वाचविण्यासाठी आधी पैसे असावे लागतात.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक ही बँक फेब्रुवारी २००८ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. २०१५ मध्ये तिच्या कर्जांचा सुमारे तेरा अब्ज पौंडांचा गठ्ठा सेर्बेरस या अमेरिकन गुंतवणूक संस्थेला विकला गेला. दरम्यान २०१४ पासून तेथे उत्पन्नतपासणी कडक झाली. परिणामी, वर्षानुवर्षे नियमित हप्ते भरणारे हजारो कर्जदार स्वस्त कर्जाला अपात्र ठरून चढ्या दरात अडकले. त्यांना तिकडे गहाणकैदी म्हणतात. अखेर ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथील नियामकाने, हप्ते न चुकविलेल्या आणि वाढीव रक्कम न मागणाऱ्या कर्जदाराच्या बाबतीत, नवे कर्ज जुन्यापेक्षा स्वस्त पडत असेल तर उत्पन्नाची पूर्ण तपासणी न करण्याची मुभा दिली. मुभा दिली, सक्ती केली नाही. त्यामुळे फारच थोड्या संस्थांनी ती वापरली.

महाराष्ट्राला ऋणकोच्या बाजूने कायदा करण्याची गोष्ट नवी नाही. १८७५ मध्ये सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे उसळले आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. खताच्या कागदामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार परक्या सरकारनेही न्यायालयांना दिला होता. तो कायदा पुरेसा ठरला नाही हे खरे. पण कागदावरची सही म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, हे त्याने मान्य केले.

आजची मागणी त्याहून कितीतरी लहान आहे. मागील दोन वर्षे हप्ते वेळेवर भरलेल्या, मुद्दल न वाढविणाऱ्या कर्जदाराची पात्रता ठरविताना जुना हप्ता आणि नवा हप्ता एवढेच ताडून पाहावे, आणि ते ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असावे. तशा कर्जाला धोक्याच्या वर्गवारीत वेगळे स्थान देता येईल, म्हणजे घेणाऱ्या बँकेची तक्रारही उरणार नाही. गृहवित्त कंपन्यांनाही बाहेरील निर्देशक लावावा. ऑगस्ट २०१९ पासून या कंपन्यांचे नियमन रिझर्व्ह बँकेकडेच आलेले आहे. ही दोन्ही कामे एका परिपत्रकाने होण्यासारखी आहेत.