गोळीचं नाव नको, माणूस तपासा
भावाला किडनी द्यायला निघालेल्या बहिणीच्या पर्समध्ये नैराश्यावरची गोळी सापडली, एवढ्यावरून तिला परत पाठवू नये. अवयव प्रत्यारोपण कायद्यातली 2011 ची दुरुस्ती मानसिक आजार असलेल्याला जिवंतपणी दाता होऊ देत नाही, हे खरं. पण त्या दुरुस्तीतल्या व्याख्येचा रोख डिमेन्शिया, स्किझोफ्रेनिया अशा बुद्धी हिरावणाऱ्या अवस्थांवर आहे. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तर स्वतःच्या मानसिक उपचारांबाबत समजून निर्णय घेणाऱ्याची क्षमता मान्यच करतो. लिथियम या औषधाची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षं घेतल्यास ते किडनीलाच इजा करू शकतं, तिथे हात आखडताच घ्यावा. शस्त्रक्रियेनंतर मन ढासळलं तर? शंका रास्त आहे. पण सरसकट नकाराच्या भीतीने दाता गोळ्या लपवतो, नाहीतर परस्पर बंद करतो, आणि ते जास्त घातक. त्यापेक्षा मनोविकारतज्ज्ञाने बहिणीला एकटीला बसवून विचारावं: आजार किती काळ आटोक्यात आहे, घरच्यांचा दबाव आहे का? आणि टाके निघाल्यावरही भेटी चालू ठेवाव्यात.