भोंगा वाजवून भागणार नाही

मोबाईलने आपली कौम बुडवली, हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे, की वक्ता उभा राहिला की त्याच्या आधी मीच ते मनात म्हणून घेते. गेल्या वर्षी आमच्या उर्दू शाळेतल्या पालकसभेतही तेच झाले. पाहुणे शिकलेले, समाजात नाव असलेले. चाळीस मिनिटे सुरेख उर्दूत बोलले. बाया दिवसभर वाटेल ते बघत बसतात, मुले त्यांचेच पाहून बिघडतात, असा एकूण सूर होता. समोर ओढण्या सावरून बसलेल्या आया माना खाली घालून ऐकत होत्या. त्यात शिवणकाम करणाऱ्या होत्या, सांगलीला हळदीच्या वखारीत रोजाने जाणाऱ्याही होत्या.

आभार मानायला मी उठले आणि आभार राहिले बाजूला. मी विचारले, "काल रात्री तुम्ही काय काय बघितले, सांगा बघू. कुणी रागवणार नाही."

आधी सगळ्या गप्प. मग एकीने मेंदी म्हणून सुरुवात केली. दुसरीने मिक्सरचे गळके भांडे घरच्या घरी कसे दुरुस्त करायचे ते बघितले होते, आणि केलेही होते. तिसरी तुर्की 'एर्तुग्रुल' उर्दूत बघत होती, दुसऱ्यांदा. चौथी लाजत म्हणाली, "बकरी की डिलिव्हरी, टीचर." सभा हसली. पण तिची शेळी त्याच रात्री व्यायली होती, गुरांचा डॉक्टर रात्री येत नाही, आणि पिलू आडवे आले तर हात कसा घालायचा हे तिला त्या व्हिडिओशिवाय कोण सांगणार होते? आणखी एक म्हणाली, कोरियातला एक माणूस ढीगभर जेवण एकट्याने जेवतो, ते बघते. का बघतेस, विचारले तर म्हणाली, "बस, अच्छा लगताय टीचर. अकेला बैठ के खाताय, कोई टोकता नै."

पाहुणे मोठ्याने हसले. मला हसू आले नाही. सहा माणसांना वाढून शेवटी उभ्याने जेवणाऱ्या बाईने निवांत बसून जेवणारा माणूस का बघावा, हे ज्याला कळत नाही त्याने समाजावर भाषण करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या माहेरी कराडला अब्बा बैलगाडा शर्यती बघतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या मे महिन्यात शर्यतींवर बंदी घातली आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली. मधली सात वर्षे अब्बांनी जुन्याच शर्यती पुन्हा पुन्हा बघून काढली. कुठल्या बैलाला कुठल्या फाट्यावर काय झाले ते त्यांना तोंडपाठ आहे. अम्मी साताऱ्याच्या खेड्यात चित्रित झालेली 'गावाकडच्या गोष्टी' बघते आणि पात्रांना नावानिशी शिव्या देते. इकडे मिरजेत माझे चुलत सासरे रात्री अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकतात. खाँसाहेब १९३७ साली गेले, इथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. मिरजेचे लोक वर्षातून एकदा उरुसाला त्यांच्या नावाने जमतात. परदेशातल्या कुणा शौकिनाने त्या तबकड्या यूट्यूबवर घातल्या म्हणून एक म्हातारा कबरीपासून हाकेच्या अंतरावर, आपल्या खाटेवर पडून त्यांचा आवाज रोज ऐकतो. आणि माझा मुलगा? तो जेसीबीने खड्डा खणतात ते बघतो. तासभर. खड्डा संपला की दुसरा खड्डा.

हे सगळे एकाच खानदानातले, एकाच मजहबचे, एकाच जिल्ह्याच्या आसपासचे लोक. यातून कुणी 'मुसलमान काय बघतात' याचे एक उत्तर काढून दाखवावे. तरीही काढले जाते. एका प्रशिक्षणवर्गात शेजारी बसलेल्या मराठी शाळेतल्या बाईंनी मला अगदी आपुलकीने विचारले होते, "तुमच्याकडे जास्त करून ती भाषणंच बघत असतील ना?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, आणि तीच तर खरी अडचण आहे. आमचे पाहुणे म्हणतात तुम्ही वाटेल ते बघता, बाहेरचे म्हणतात तुम्ही एकच बघता. दोघांनीही कुणाच्या हातातल्या पडद्यात डोकावलेले नसते.

आता भोंग्याचे. (हा शब्द आम्हाला हल्ली जरा जपूनच वापरावा लागतो, पण इथे तो देवळावरचा आहे.) सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक उपक्रम सुरू झाला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले मोबाईल आणि टीव्ही बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. देशभर त्याचे कौतुक झाले, परदेशी वार्ताहर येऊन गेले. गावाने एकजुटीने काही ठरवले आणि पाळले, याला माझा सलाम आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत मुलांच्या हातात आपणच मोबाईल दिला, तो सोडवणे किती कठीण आहे ते शिक्षक म्हणून मला माहीत आहे.

पण आमच्या सभेतल्या पाहुण्यांसारखे लोक आता प्रत्येक मोहल्ल्यात असाच भोंगा मागू लागले आहेत, तेव्हा विचारावेसे वाटते की उरलेल्या साडेबावीस तासांचे काय? भोंगा वेळ मोजतो. साडेआठला फोन पुन्हा सुरू झाला की समोर आलेला व्हिडिओ खरा की खोटा, कालचा की पाच वर्षांपूर्वीचा, हे भोंगा सांगत नाही.

आणि नुकसान तिथे होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागणारी पाच माणसे मुले पळवणारी टोळी समजून ठेचून मारली गेली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची गरीब माणसे. त्या काळात मुले पळवण्याचा एक व्हिडिओ देशभर फिरत होता. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेला होता. शेवटी मोटारसायकलवाला मूल परत आणून सोडतो आणि फलक दाखवतो, तेवढाच भाग कुणीतरी कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. चार वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, आमच्याच सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंग्यात उत्तर प्रदेशचे चार साधू त्याच संशयावरून मार खाऊन गेले. त्यांनी एका मुलाला फक्त रस्ता विचारला होता. पाचाची मर्यादा होतीच की!

एप्रिल २०२० मध्ये बोहरा समाजातल्या काही माणसांचा ताटे चाटण्याचा जुना व्हिडिओ 'कोरोना पसरवत आहेत' म्हणून फिरला. अन्नाचा कण वाया जाऊ नये ही त्यांची रीत. तो फिरल्यावर आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याला दोन कॉलन्यांनी येऊ नकोस म्हणून सांगितले. तो बोहरा नव्हता, आणि बोहरा म्हणजे कोण हेही त्याला माहीत नव्हते.

सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त होऊन जमावाने मुस्लिमांची घरे, दुकाने आणि मशीद यांवर हल्ला केला. एक तरुण मारला गेला. पुसेसावळी माझ्या माहेराहून लांब नाही. सरकारने जिल्ह्याचे इंटरनेट बंद केले, म्हणजे जिल्ह्याएवढा भोंगाच वाजवला. त्याची त्या वेळी गरज असेलही, मी प्रशासनाशी वाद घालत नाही. पण मी मिरजेत बसून अब्बांचा चेहरा बघू शकत नव्हते. साध्या फोनवर अम्मी एवढेच म्हणत होती, "सब अंदर हैं, दरवाजा लगा को." नेट सुरू झाले तेव्हा मजकूर तोच होता आणि बघणारी माणसेही तीच होती.

मग यांना बघणे शिकवता येत नाही का? पाहुणे म्हणतील, या अडाण्यांना काय शिकवणार. मी म्हणते, यांना ते येते.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर बाहेरची टांग लावली. पंचांनी चार गुण दिले. सिकंदर धोक्याच्या स्थितीत गेला होता की नव्हता, यावर सगळा महाराष्ट्र भांडला. सिकंदर कोल्हापूरच्या गंगावेस तालमीचा, त्यामुळे आमच्या सांगली-साताऱ्यात तर चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. माझे अब्बा, शेजारचे पाटील काका, गॅरेजमधली पोरे, सगळ्यांनी ती काही सेकंदांची लढत सावकाश करून, थांबवून, पुढे-मागे करून बघितली. एका बाजूने घेतलेली क्लिप पटेना म्हणून दुसऱ्या बाजूने घेतलेली शोधली. पाठ जमिनीला किती कोनात होती ते पाटील काकांनी वहीच्या पुठ्ठ्यावर काढून दाखवले. क्लिप कुणी काढली, कुठून काढली, आधीचे काय कापले, नंतरचे काय कापले, हे सगळे प्रश्न त्यांनी विचारले. कोणत्याही बी.एड. कॉलेजात हे शिकवलेले नव्हते. आणि जातधर्म पाहून मते पडली म्हणावे, तर आमच्या गल्लीत तसेही झाले नाही. अब्बांना चार गुण मान्य होते, पाटील काकांना नव्हते.

ज्या विषयावर माणसाचे प्रेम असते, त्यात त्याला फसवता येत नाही. हीच माणसे दंगलीची क्लिप आली की एकदा बघतात आणि बोट पुढे जाते. कुस्तीत लावलेली नजर तिथे लावायची आहे, एवढेच त्यांना कुणी सांगितलेले नाही. ते सांगणे हे काम आमचे होते. आम्ही त्याऐवजी वेळ वाया जातो, वेळ वाया जातो म्हणत बसलो.

यात आपण लेखक मंडळीही आलो. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हाची आपली तक्रार होती की मराठी साहित्यात आपण दिसत नाही. तक्रार रास्त होती. संपादक छापत नव्हते, प्रकाशक विचारत नव्हते. आता या नव्या पडद्यावर ना संपादक आडवा येतो ना प्रकाशक. आपण तिथे काय ठेवले? त्या सभेनंतर एक आई मला व्हरांड्यात गाठून हळूच म्हणाली, तिने तलाक झाल्यावर पोटगी मिळते का ते बघितले होते. चार वकिलांचे चार व्हिडिओ, सगळे हिंदीत. एक म्हणे मिळत नाही, एक म्हणे इद्दतीपुरती, दोघे म्हणे मिळते. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे, की घटस्फोटित मुस्लिम स्त्री फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागू शकते. तिचे व्हिडिओ त्याआधीचे की नंतरचे, हे तिने बघितले नव्हते. तारीख कुठे असते हेच तिला माहीत नव्हते. मी दाखवली. अर्धे मिनिट लागले. मराठीत, तिला कळेल अशा बोलीत हे सांगणारा व्हिडिओ मी शोधून देईन म्हणाले. तिला द्यावा असा मला सापडला नाही.

बाहेरच्यांनाच दोष देऊन चालणार नाही. गाझाच्या युद्धात आमच्या गटांवर एक चित्रफीत आली. रात्रीचे आकाश, क्षेपणास्त्रे, कोसळणारे विमान. वडीलधाऱ्यांनी दुआ लिहून पुढे पाठवली. मीही डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात विषय निघाला, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याच्या मोबाईलबद्दल त्याच्या वडिलांना मी दोनदा बोलावून घेतले होते, म्हणाला, "टीचर, ये तो गेम है." आर्मा नावाचा खेळ. त्याने स्फोटानंतरचा धूर कसा ठरावीकच उठतो ते समजावून सांगितले. खेळ बनवणाऱ्या चेक कंपनीने २०२२ मध्येच जाहीर केले होते, की आमच्या खेळातली दृश्ये खऱ्या युद्धाची म्हणून फिरवली जात आहेत. मला ते नंतर कळले. त्याला निकामी म्हणून आम्ही हिणवलेल्या बघण्यातूनच कळलेले होते.

तेव्हापासून शनिवारी एक तास मी कुस्तीच्या त्या क्लिपवर घेते. फळ्यावर चार प्रश्न असतात: कुणी काढली, कधी, कुठे, आणि आधी-नंतर काय होते. अभ्यासक्रम आधी पूर्ण करा, अशी मला वरून दोनदा सूचना झाली आहे. मुले मात्र आता घरातल्या मोठ्यांना प्रश्न विचारतात आणि थपडाही खातात, असे कळते.

पुढच्या पालकसभेचा विषय ठरला आहे, पुन्हा मोबाईल. पाहुणेही तेच. मी त्या क्लिपसाठी दहा मिनिटे मागितली आहेत. शेळीवाली येणार आहे, कोरियावालीही येणार आहे. दहा मिनिटांचे उत्तर अजून आलेले नाही.